सौदीची लोकसंख्या पाचपट झाली, पण ती पाळण्यातून नव्हे

एक मजकूर पुन्हा फिरतोय. सौदी अरेबियाची लोकसंख्या पन्नास वर्षांत पाचपट झाली, कारण तिथे घरटी आठ-दहा मुलं. मुलींना जगू देत नाहीत, म्हणून शंभर बायकांमागे दीडशे पुरुष. आणि तेलाच्या पैशावर सगळे बसून खातात. 2022 च्या सौदी जनगणनेशी ताडून पाहिलं, तर यातले आकडे बरेचसे खरे निघतात. गडबड आहे ती ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांत.

आधी पाचपट. 1974 च्या जनगणनेत सौदीत सुमारे 70 लाख लोक होते, 2022 मध्ये 3 कोटी 22 लाख. साडेचारपट म्हणा की पाचपट, त्यावरून भांडण नको. पण जनगणना नागरिक मोजत नाही, राहणारा प्रत्येक माणूस मोजते. रियाधचा व्यापारी जसा तिच्यात येतो, तसाच दम्मामला वेल्डिंग करणारा खेड-चिपळूणकडचा पोरगाही. या 3 कोटी 22 लाखांत 1 कोटी 34 लाख परदेशी आहेत. 1974 मध्ये ते जेमतेम 8 लाख होते. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले, रस्ते-बंदरं-इस्पितळं बांधायला निघाली आणि हात कमी पडले, म्हणून माणसं बाहेरून आली. त्यांना वगळलं तर सौदी नागरिक साधारण 62 लाखांवरून 1 कोटी 88 लाखांवर गेले. म्हणजे तिप्पट. 1971 मध्ये 55 कोटींच्या आत असलेला आपला देश त्याच काळात 140 कोटींवर गेला, अडीचपट! सौदीची वाढ जास्त आहे हे खरंच, पण आपण नाक मुरडावं इतकी नाही.

आता आठ-दहा मुलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे फारसं खोटं नव्हतं. बाईमागे सरासरी सात मुलं होती. आज ती सरासरी अडीचच्या आसपास आहे. तिथे मुलींच्या सरकारी शाळा 1960 पर्यंत नव्हत्या. त्या निघाल्या, मुली विद्यापीठात गेल्या, लग्नं लांबली. 2016 नंतर नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. आज्जीला नऊ आणि नातीला दोन, हे चित्र आपल्याला काही नवं नाही. तरी लोकसंख्या वाढतेच आहे, कारण 63 टक्के सौदी तिशीच्या आतले आहेत. मुलं कमी झाली तरी आई-बाप होणारे भरपूर आहेत.

शंभरामागे दीडशे पुरुष हा आकडाही बरोबर आहे. पण सौदी नागरिकांत स्त्री-पुरुष जवळपास निम्मे-निम्मे आहेत. तफावत येते ती परदेशी कामगारांमुळे, त्यांच्यात चारातले तीन पुरुष. कमी पगाराच्या कामगाराला बायको-मुलं तिकडे नेताच येत नाहीत. त्याचं कुटुंब बांगलादेशात, केरळात नाहीतर आपल्या कोकणात असतं. त्या बायका मारलेल्या नाहीत हो, त्या इकडे गावातलं घर सांभाळतायत. (परदेशीयांत पहिला नंबर बांगलादेशींचा, 21 लाख. भारतीय दुसरे, 19 लाखांच्या जवळपास.)

बसून खाण्याचं म्हणाल, तर सरकारी नोकरी हाच हक्क असं मानणारी एक पिढी तिथे होऊन गेली. पण 2018 मध्ये सौदी नागरिकांतली बेकारी 12 टक्क्यांच्या वर होती. 2011 पासून ‘निताकात’ योजनेखाली खासगी कंपन्यांना ठरावीक प्रमाणात सौदी माणसं घ्यावीच लागतात. पगारावर प्राप्तिकर नाही हे खरं, पण 2018 मध्ये आलेला 5 टक्के व्हॅट 2020 मध्ये 15 टक्के झाला.

त्या मजकुरातून सगळ्यात मोठी गोष्ट मात्र सुटली. पाळण्यातला माणूस देशात राहतो, व्हिसावरचा राहीलच असं नाही. तिथे वीस वर्षं काढली, मूल तिथेच जन्मलं, तरी इकामा (तिथला राहण्याचा परवाना) संपला की निघायचं. 2017 मध्ये सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना 100 रियाल शुल्क लागलं, 2020 पर्यंत ते 400 झालं आणि कितीतरी घरांनी बायका-मुलांना परत पाठवलं.