आमचं न काढलेलं हॉटेल

रविवारी सकाळी आमच्या घरी भांडण झालं. विषय होता, घावनं की आंबोळ्या. आमच्या ताटात दोन्ही नव्हतं, पोहे होते. भांडण आमच्या हॉटेलच्या मेनूवरून होतं. आणि आम्हाला हॉटेल नाही. गेली नऊ वर्षं नाही.

झालं असं होतं की आम्ही दिव्याहून सावंतवाडीच्या पॅसेंजरने कुडाळला, माझ्या सासरी निघालो होतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण रोहा ते वीर एवढा तुकडा सोडला तर अजून एकेरीच आहे. समोरून एक्स्प्रेस आली की पॅसेंजरने गुमान बाजूला उभं राहायचं. क्रॉसिंग! करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, रत्नागिरी मागे पडली आणि गाडी विलवड्याला थांबली ती थांबलीच. बाहेर धो धो पाऊस, फलाटावर चिटपाखरू नाही, चहाचा तर वासही नाही. नवरा खिडकीच्या गजाला नाक लावून म्हणाला, "इथे एक टपरी टाकली तर?"

मी म्हटलं, "दूध कुठून आणशील?"

इथेच चुकलं माझं. "काहीतरीच तुझं" म्हणाले असते तर विषय तिथेच मिटला असता.

मी दिवसभर लोकांचे हिशेब लिहिते, त्यामुळे हॉटेलची वहीही माझ्याकडे. लिटरभर दुधात अर्धा लिटर पाणी घातलं तर अठरा-वीस कटिंग निघतात. गाडी वीस मिनिटं थांबली आणि एका घावनाला तीन मिनिटं धरली, तर एका तव्यावर सहा. म्हणून बिडाचे तीन तवे. खिडकीतून दिलेली प्लेट परत कशी येणार? यावर दोन रात्री गेल्या. शेवटी केळीच्या पानाचा तुकडा ठरला. हे सगळं रात्री जेवणं उरकल्यावर, मेथी निवडताना. मेथीची जुडी एरवी जिवावर येते, पण हॉटेल चालू असलं की कधी संपते कळत नाही.

नाव ठरलंय 'क्रॉसिंग'. पाटी स्टेशनच्या पाटीसारखी, पिवळ्यावर काळी अक्षरं. स्टेशनच्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना, तशी आमच्याही पाटीवर असणार: 'फलाटापासून उंची – दोन पायऱ्या'. हे नवऱ्याचं डोकं. लाइट बिलाच्या पाठीमागे काढलेला नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मोरी कुठे असावी यावर अजून एकमत नाही.

आता मुद्द्याचं बोलते. हे कुणाला सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "मग करा ना सुरू!" कुणी कर्जाची माहिती पाठवतं, कुणी म्हणतं आधी रील टाका, हवा होईल. अरे बाबांनो, दोन माणसं घरात बसून मनातले मांडे खातायत, तर खाऊ द्या. त्यांचं दुकान कशाला थाटायला पाहिजे? हल्ली कुणी बरी रांगोळी काढली तरी "ऑर्डर घेता का?" विचारतात. मला याचा मनापासून कंटाळा आलाय.

आणि तोही अनुभव घेऊन झालाय. दोन वर्षांपूर्वी चुलत दिरांचा फोन आला, त्या बाजूला पाच गुंठे विकायला आहेत, बघताय का? आम्ही हुरळलो. त्या रात्री मेथी निवडताना पहिल्यांदा हप्ता, पाणी, परवाने, नोकरी सोडायची कुणी, असं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर उगाच खेकसले. तिसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या मोबाइलमध्ये. तीन तव्यांचं नाव कुणी काढेना. जमिनीला नाही म्हणून कळवलं. नंतरही आठवडाभर घर कसं सुतक असल्यासारखं होतं. मग एका रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं. आपली वेळही बदलायला लागेल."

मी उठून दिवा लावला आणि वही काढली.

तर रविवारचं भांडण. त्याचं म्हणणं, सिंधुदुर्गातला माणूस हॉटेल काढतो आणि आंबोळी नाही? लोक काय म्हणतील? (कुठले लोक, ते विचारू नका.) माझं म्हणणं, आंबोळीचं पीठ आदल्या रात्री वाटून आंबवायला लागतं. दुसऱ्या दिवशी क्रॉसिंग दुसऱ्याच स्टेशनात पडलं तर पातेलंभर पीठ घेऊन बसायचं का? घावनाचं कसं, गाडी सिग्नलला दिसली की तांदळाच्या पिठात पाणी घालायचं. तो म्हणाला, तुला चवीचं काही नाही, नुसते हिशेब. मी म्हटलं, हॉटेल चवीवर नाही, उरलेल्या पिठावर बुडतं. आवाज वाढले. लेक खोलीतून बाहेर आली, विषय कळल्यावर कपाळाला हात लावून परत गेली.

तोडगा त्यानेच काढला. गणपतीत जादा गाड्या सोडतात, तेव्हा सगळ्याच गाड्या रखडतात. क्रॉसिंग हमखास, गिऱ्हाईक हमखास, पीठ वाया जायचा प्रश्न नाही. त्याने कपाट उघडलं आणि नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: आंबोळी – फक्त गणपतीत.

तोवर पोहे पार गार झाले होते. आमच्या हॉटेलात असे दिले असते तर मी स्वतः परत पाठवले असते.