‘यूए 16+’ म्हणजे प्रवेशबंदी नव्हे, दृश्यांची यादीही नव्हे

‘यूए 16+ चित्रपटाला सोळाखालच्या मुलांना थिएटरात सोडत नाहीत आणि त्रासदायक दृश्यं प्रमाणपत्रावरच लिहिलेली असतात’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही चूक. चित्रपट प्रमाणनाच्या (सिनेमॅटोग्राफ) कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने आलेले 7+, 13+, 16+ हे ‘यूए’ प्रमाणपत्राचे वयाचे टप्पे पालकांना सल्ला म्हणून आहेत. मूल न्यायचं की नाही, हे पालकच ठरवतात. दारात अडवलं जातं ते ‘ए’ (फक्त प्रौढांसाठीच्या) चित्रपटाला, अठराखालच्यांना.

त्रासदायक दृश्यांची यादीही प्रमाणपत्रावर नसते. सिगारेटच्या दृश्याखाली येणारी इशाऱ्याची पट्टी तंबाखूविरोधी नियमांतली आहे. बलात्कार, आत्महत्या, प्राण्यांचा छळ यांसाठी थिएटरात तशी पट्टी सक्तीची नाही. (विचित्रच प्राधान्यक्रम!)

ओटीटीचं वेगळं. 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार वयोगटासोबत ‘हिंसा’, ‘शिवीगाळ’ अशी कारणंही सुरुवातीला दाखवावी लागतात. पण ती काही सेकंदांत जातात. अर्धवट सोडलेला चित्रपट मधूनच लावला तर हुकतात. म्हणून आधी माहितीचं पान उघडा. 13+ पासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय बंधनकारक आहे, मात्र पिन तुम्हालाच लावावा लागतो.

थिएटरला जायचंय? चित्रपट ब्रिटनमध्येही लागत असेल तर तिथल्या बीबीएफसी (BBFC) या चित्रपटांना वयोगट देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. लैंगिक हिंसा, रक्तपात किती आणि कसा, हे तिथे वाक्यांत लिहिलेलं असतं. बरेच हिंदी चित्रपट सापडतात. कथानक थोडं फुटतं, एवढंच.