पेम्फिगस, काढा आणि सुटलेला लगाम

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. शेवटी मावशीनेही पाठवला, अगदी काळजीपोटी. त्यात लिहिलंय: अंगावर फोड आणणारा पेम्फिगस प्रतिकारशक्ती खचल्यामुळे होतो, एकाचा दुसऱ्याला लागतो, रोज गुळवेलीचा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवा आणि स्टेरॉईडच्या गोळ्या सोडा. माझ्या आईला पेम्फिगस आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘खचलेली प्रतिकारशक्ती’. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं एकमेकींशी जखडून ठेवतात. पेम्फिगसमध्ये शरीर त्यांच्याच विरुद्ध अँटिबॉडी बनवतं. पकड सुटते, मधे पाणी भरतं. सुरुवातीला आईच्या पाठीला चादर घासली तरी साल निघायची. वॉर्डातल्या सिस्टरांनी तिला केळीच्या पानांवर झोपवलं, कारण ओल्या जखमेला पान चिकटत नाही. हे सगळं दुबळ्या प्रतिकारशक्तीचं काम नव्हे. ती भलतीकडे वळली होती.

वळते कशी, हे मेसेजमध्ये नाहीच. आपल्या शरीरात हल्ला करणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही असतात. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. पुढे मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागचं फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे जनुक बिघडलेल्या उंदरांच्या रक्तात पेम्फिगॉइड या दुसऱ्या फोडांच्या आजारातल्या अँटिबॉडी सापडल्या आहेत. आणि मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट अशी: डेस्मोग्लीनवर उठणाऱ्या टी पेशी काही निरोगी माणसांतही असतात. पण त्या माणसांकडे अशा टी पेशींना दाबून ठेवणाऱ्या पेशीही असतात. रुग्णांमध्ये या दाबणाऱ्या पेशी फार कमी आढळल्या.

मग काढ्याने ‘वाढवायचं’ नेमकं काय? लगाम सैल केला की काय होतं, ते कॅन्सरच्या उपचारांत दिसलंय. प्रतिकारशक्तीवरचा पीडी-१ हा ब्रेक काढणारी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांना पेम्फिगॉइड होतो. गुळवेलीचं म्हणाल, तर २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही जणांत ऑटोइम्यून वळणाची, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटल्यासारखी, यकृताची इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद आहे, कबूल. पण आधीच यकृतावर लक्ष ठेवावं लागणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाने तो धोका का पत्करावा?

‘लागतो’ हे साफ खोटं. मी आईच्या जखमा रोज धुतल्या आहेत. जपायचं असतं ते तिला, आपल्या हातांवरच्या जंतूंपासून.

राहिल्या गोळ्या. स्टेरॉईड ही भलतीकडे वळलेली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ती भीती खरी आहे. पण १९५० च्या दशकात स्टेरॉईड येण्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. शिवाय बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली, तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड कमी पडून जीवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा मार्ग आहे. फ्रान्समधल्या २०१७ च्या चाचणीत रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्या बी पेशी कमी करणारं औषध) आणि थोडे महिने स्टेरॉईड घेतलेले ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना फोडमुक्त होते. नुसत्या स्टेरॉईडवाल्या गटात ३४ टक्के.

मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. फोड परत यायची वाट पाहू नका.