झोपलेले कंद आणि जागा मी

फुलं येऊन गेली की कंदांच्या झाडांना काही महिने आराम असतो, असं मी वाचलं होतं. पानं पिवळी पडतात, वाळतात आणि कंद मातीखाली निवांत झोपतो. पाणी नको, खत नको, विचारपूस नको. आराम कंदाला असतो, माळ्याला नाही, हे बहुधा पुढच्या पानावर होतं.

वाफा रिकामा दिसला की गवत बिऱ्हाड घेऊन हजर होतं. माझ्याकडे दोन बिऱ्हाडं आली, हरळी आणि लव्हाळा. हरळी जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते आणि पेराचा एक तुकडा राहिला तरी त्यातून पुन्हा उगवते. म्हणजे खुरप्याने तिचे दहा तुकडे करणं ही खुरपणी नव्हे, लागवड. लव्हाळा त्याहून लबाड. तो सुटकन हातात येतो आणि आपण खूश होतो. खाली दोऱ्यात ओवल्यासारख्या त्याच्या गाठी असतात; वरचा शेंडा गेला की त्यातली पुढची जागी होते. तो म्हणे खरं गवतही नाही. त्याची दांडी बोटांत फिरवली तर तीन कडा लागतात. मी फिरवून पाहिली. लागतात. उपटताना या ज्ञानाचा काडीचा उपयोग झाला नाही.

पण खरी अडचण गवताची नव्हतीच. कंद नेमके आहेत कुठे?

लावताना मी नकाशा काढून ठेवला होता. ‘लिली : पायरीपासून दोन वीत, डावीकडे.’ आता डावीकडे म्हणजे पायरीवर उभं राहून की पायरीकडे तोंड करून? शिवाय वीत कोणाची? त्या दिवशी खड्डे बायकोने खणले होते.

शेवटी अंदाजाने खुरपं घातलं. गवताची मुळं तुटताना चरचर आवाज येतो. या वेळी ‘कच्च’ झालं. कांदा चिरताना होतं, अगदी तसं. माती झटकली तर पांढरीशुभ्र वर्तुळं, एकात एक, आणि कडेने पाझरणारा चिकट रस. शेजारची हरळी शाबूत.

मग तणनाशकाचा विचार केला. ग्लायफोसेट हिरव्या पानातून शिरतं आणि मुळापर्यंत पोचतं. कंद झोपलेला असेल, वर पान नसेल, तर त्याला सहसा धक्का लागत नाही. अट एकच, एकही कोंब वर आलेला नसावा. ती तपासायला मी भिंग घेऊन उकिडवा बसलो. एक बारीक हिरवं पातं दिसलं. गवताचं की रेन लिलीचं? रेन लिलीचं पातं गवतासारखंच असतं. कुठल्या गाढवाने हे झाड निवडलं, असं मी मोठ्याने म्हणालो आणि खिडकीतून उत्तर आलं, ‘‘तूच!’’ फवारणी रद्द.

उरला हात. आदल्या संध्याकाळी पाणी घालून माती मऊ केली आणि सकाळी बोटांनी चाचपत, मुळाच्या मागोमाग जात, एकेक दोरा ओढला. दोन तासांत चटईएवढी जागा साफ झाली. माझी कंबर मात्र काटकोनातच राहिली. पण चिखलातून तीन छोटे कंद धडधाकट हाती लागले. ते पुन्हा खुरप्याखाली यायला नकोत, म्हणून मी त्यांना सगळ्यात चांगल्या कुंडीत, चाळलेल्या मातीत, शेणखत घालून लावलं. वर पाटी खोचली : ‘लिली. हात लावू नये.’

वाफ्यातलं काहीही जागं व्हायच्या आधी कुंडीत पाती आली. तकतकीत, गर्द हिरवी. मी बायकोला हाक मारून दाखवली. तिने एक दांडी खुडली, बोटांत फिरवली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

मीही फिरवली. एक, दोन, तीन.