दुसऱ्या वेळी घरी थांबून राहू नका

‘दुसरं बाळंतपण लवकर आटोपतं’ असं बाळंतपणावरच्या एका लेखात वाचलं, ते माझ्या बाबतीत खरं ठरलं. म्हणूनच सांगते, पहिल्या वेळचा हिशोब धरून घरी थांबू नका. पहिल्या खेपेला मी रात्रभर कळा मोजत होते. दुसऱ्या वेळी आठ मिनिटांवरच्या कळा तासाभरात तीनवर आल्या, आणि दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांत मुलगी झाली! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून ते पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला सहसा १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत, पुढच्या बाळंतपणात १०. अर्थात ही वरची मर्यादा झाली, बऱ्याच जणींचं त्याच्या कितीतरी आधी होतं.

त्या लेखात न आलेली गोष्ट म्हणजे बाळंतपणानंतरच्या कळा. बाळाला पाजायला घेतलं की पिशवी आकसते आणि पोटात अशी कळ यायची की मी चादर मुठीत धरायचे. पहिल्या वेळी हे जाणवलंही नव्हतं. दुसऱ्या खेपेला हे जास्त होतं, हे मला आधी कुणीच सांगितलं नाही. नर्सताईंना विचारलं तेव्हा त्यांनी गोळी दिली. सहन करत बसू नका, मागून घ्या.

पहिलं सिझर असेल त्यांनी मात्र कळा सुरू होताच निघावं.