रणगाडा दाखवायचा तर आतली माणसंही दाखवा

शिर्डी-शिंगणापूर करणाऱ्या कितीतरी गाड्या नगरमधून जातात. त्यातल्या काही वाट वाकडी करून टँक म्युझियमला येतात आणि अर्ध्या तासात परत रस्त्याला लागतात. तेवढ्या वेळात मुलांना एकेका तोफेखाली उभं करायचं, सॅल्यूट ठोकायला लावायचं, फोटो काढायचे, की "चला, दर्शनाला रांग असेल." परवाच्या रविवारी आम्ही घरची मुलं घेऊन गेलो होतो, तेव्हा हे डोळ्यांसमोर इतक्यांदा घडलं की लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलांना तिथे जरूर न्या. पण नेलंत तर त्या लोखंडात कोण बसायचं, तेही सांगा. ते सांगितलं नाही तर मूल फक्त मोठ्ठं खेळणं बघून घरी येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नगरला (आता अहिल्यानगर) लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातले रणगाडा चालवणारे अधिकारी आणि जवान इथे शिकून जातात. त्याच केंद्राने १९९४ मध्ये हे संग्रहालय उघडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून आपल्याकडे बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंतची वाहनं उघड्यावर, झाडांमध्ये मांडलेली आहेत. ब्रिटिश, अमेरिकन, जपानी, जर्मन, रशियन, फ्रेंच, सगळी एकाच आवारात. सकाळी लवकर जा, टोप्या आणि पाणी सोबत ठेवा. उन्हात पोलाद असं तापतं की हात लावला तर मूल किंचाळेल.

आमच्यासोबत माझे चुलत सासरे होते. ते चिलखती दलातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत, मुलं त्यांना आबा म्हणतात. ते नसते तर आम्हीही कदाचित पाट्या वाचत पुढे सरकलो असतो. आबांनी आधी कुठल्याही रणगाड्याचं नाव सांगितलं नाही. एका रशियन बनावटीच्या टी-५५ रणगाड्यासमोर मुलांना उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "आता हलायचं नाही. मान वाकवून, गुडघे छातीशी. समोर बोटभर फटीतून दिसतं तेवढंच जग." मुलं बसली. दोन मिनिटांत धाकट्याच्या पायाला मुंग्या आल्या. आबा म्हणाले, "मी असा राजस्थानात दिवस काढलाय. त्यात इंजिनची उष्णता, आत धूर, कानात हेडसेट. शेजारचा काय ओरडतोय ते हेडसेटशिवाय ऐकू येत नाही. आत चार जण असतात. एकाला चक्कर आली तर चौघांचं काम थांबतं."

हुकूम देणारा कमांडर, तोफ डागणारा गनर, गोळे भरणारा लोडर आणि ड्रायव्हर. मुलांनी लगेच वाटण्या केल्या, तू लोडर, मी कमांडर. तिथून पुढे प्रत्येक रणगाड्यापाशी त्यांचा पहिला प्रश्न एकच होता, "ह्यात किती जण?" कुठल्याही फोटोपेक्षा मला हा प्रश्न मोलाचा वाटतो.

जपानी हा-गोपाशी हा प्रश्न फारच कामाला आला. १९३० च्या दशकातला हा हलका रणगाडा, आत तिघं. त्याचं चिलखत जिथे सर्वांत जाड, तिथे १२ मिलिमीटर. त्याच संग्रहालयात ब्रिटिशांचा चर्चिल आहे, मार्क सात. त्याचं समोरचं चिलखत १५२ मिलिमीटर. माझी भाची सहावीत आहे. तिने बोट आणि वीत लावून दोन्ही मापं करून पाहिली, आणि मग विचारलं, "मग ह्या तिघांना माहीत होतं का, की आपला पत्रा एवढा पातळ आहे?" आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सैनिकाला सगळं माहीत असतं, बाळा. दिलंय त्यात बसावं लागतं." आता या उत्तरात जपान आला, ब्रिटन आला, आणि कुठल्याही देशाचा कुठलाही कोवळा पोरगा आला. इतिहासाच्या पुस्तकातल्या 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे' या प्रश्नाच्या पाच गुणांत हे येत नाही.

पॅटन रणगाड्यापाशी सगळ्यांत जास्त गर्दी असते आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर १९६५, भारत-पाकिस्तान युद्ध, पंजाबातलं खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले, त्या काळी आधुनिक पॅटन होते. आपल्याकडे शर्मनसारखे जुने रणगाडे, थोडे ब्रिटिश सेंच्युरियन, आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफा. मुलांना विचारलं, मग आपण जिंकलो कसे? धाकट्याचं उत्तर, "आपण शूर होतो." खरं आहे, पण एवढंच सांगून थांबलो तर समोरचे भित्रे होते असा अर्थ निघतो, आणि ते खरं नाही.

मी त्यांना शेत दाखवलं. म्हणजे शब्दांनी. आमचं माहेर राहुरीकडचं, मुलांना ऊस माहीत आहे. सप्टेंबरात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. आपल्या सैन्याने रात्रीतून शेतात पाणी सोडलं आणि उसाच्या आड तोफा-रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात दडवले. भिजलेल्या फडात भरलेली ट्रॉली रुतते ना, तशी ती चाळीस-पंचेचाळीस टनांची धुडं चिखलात रुतली. हालचाल संपली की रणगाडा म्हणजे नुसतं मोठं निशाण. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा आपल्या हाती लागले, असा आपल्याकडचा आकडा आहे. पुढे तिथे पकडलेले पॅटन ओळीने उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणायला लागले. जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपणारे चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद तिथेच गेले. परमवीर चक्र मरणोत्तर. जीपला चिलखत नसतं, हे मुलांनी आपणहून ओळखलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना अब्दुल हमीद खरे कळले.

शौर्याच्या गोष्टींतून आपण डोकं काढून टाकतो. पाणी कोणी सोडायला सांगितलं, जागा कोणी निवडली, शत्रू इथूनच येईल हे कोणी ताडलं, हे सांगत नाही. मुलांना नुसती छाती दाखवतो. त्यांना डावपेच कळतात, आवडतात. माझ्या मुलाने घरी आल्यावर उशा आणि सतरंजीवर असल उत्तर तीनदा लढवलं, आणि दर वेळी पाणी सोडायला तो विसरला नाही.

आता सेंच्युरियन. पुणेकरांनी आणि नगरकरांनी या रणगाड्यासमोर घाई करू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. चिलखती दलाला आजवर दोन परमवीर चक्रं मिळाली आहेत आणि दोन्ही एकाच रेजिमेंटची, पूना हॉर्स. ही रेजिमेंट १८१७ साली, पेशवाईच्या अखेरीस पुण्यात उभी राहिली म्हणून हे नाव. पहिलं परमवीर चक्र लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं. मुंबईत जन्मले, पुण्याच्या शाळेत शिकले, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या फिलोरा-चविंडाच्या लढाईत जखमी असूनही मागे न जाता लढत राहिले आणि तिथेच गेले. दुसरं सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचं. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. प्रशिक्षण खडकवासल्याला एनडीएत. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं आणि तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्ससाठी ते आले नगरला. इथेच. युद्धाचे ढग जमले तेव्हा कोर्स अर्धवट सोडून त्यांना रेजिमेंटकडे परत बोलावलं गेलं.

१६ डिसेंबर १९७१. ढाक्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या तोच दिवस. पश्चिमेला शकरगड भागात बसंतर नदीच्या पलीकडे लढाई चालूच होती. सुरुंग पेरलेला पट्टा ओलांडून पूना हॉर्सचे रणगाडे पुढे गेले होते. खेतरपालांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. त्यावर गोळा बसला, आग लागली, वायरलेसवरून बाहेर पडायचा हुकूम आला. त्यांनी कळवलं की तोफ अजून चालतेय, मी रणगाडा सोडणार नाही. आणि ते लढत राहिले, दुसरा गोळा लागेपर्यंत. वय एकवीस. तो फामागुस्ता दुरुस्त करून नगरच्या याच प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवलाय.

बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. मी मुलांना पुढचंही सांगितलं. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, ८१ वर्षांचे, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांची फार मनापासून सरबराई केली. परतायच्या आदल्या रात्री नासेरांनी सांगितलं की बसंतरला त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्याच्या शौर्याबद्दल ते आदराने बोलले.

भाचीने विचारलं, "मग आजोबांनी काय केलं?" मी म्हटलं, त्यांनी त्या माणसाच्या घरचा पाहुणचार घेतला होता, आणि ते स्वतः सैनिक होते. मुलगा म्हणाला, "पण राग आला असेल ना?" आबा म्हणाले, "दुःख झालं असणार. रागाचं मला सांगता येणार नाही." मुलांना हे पूर्ण पचलं नाही, आणि ते पचायलाच हवं असंही नाही. पण शत्रूलाही नाव असतं, घर असतं, आणि तोही आयुष्यभर काहीतरी उरात घेऊन जगतो, हे त्यांच्या कानावरून गेलं. यामुळे देशप्रेम कमी होतं असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी आबांशी बोलावं. त्यांच्याइतका कडक राष्ट्रगीताला उभा राहणारा माणूस मी पाहिलेला नाही.

काही पालक म्हणतात, एवढ्या लहान वयात मरणाच्या गोष्टी कशाला? अहो, मोबाइलवरच्या खेळात ती रोज शेकडो माणसं मारतात आणि बटण दाबून परत उभी करतात. तिथे मरण स्वस्त आहे. रणगाड्यासमोर उभं राहून, एका एकवीस वर्षांच्या मुलाचं नाव घेऊन, हळू आवाजात सांगितलेलं मरण त्यांना घाबरवत नाही. ती गप्प होतात आणि प्रश्न विचारतात. आमच्या मुलांनी तरी तेच केलं.

शाळांच्या सहलींबद्दल एक सुचवायचंय, आणि हे मी आमच्या शाळेच्या पालकसभेतही मांडणार आहे. दिवाळीनंतर सहली निघतात, त्यातल्या बऱ्याच नगरमार्गे जातात. पन्नास-साठ मुलांची बस, दोन शिक्षक, शिट्टी वाजवत रांग पुढे ढकलली जाते. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यावर मुलं न हरवता परत आणायची जबाबदारी असते. पण पारनेर, श्रीगोंदा, सातारा, कोल्हापूर, कुठल्याही भागात माजी सैनिक शोधायला लांब जावं लागत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. सहलीच्या बसमध्ये एक जागा अशा एका आजोबांसाठी ठेवा. ते चिलखती दलातलेच असायला हवेत असं नाही, पायदळातले, सिग्नलचे, स्वयंपाकघरातले, कोणीही चालतील. निघण्याआधी वर्गात तासभर त्यांना बोलू द्या. संग्रहालयात दहाच वाहनं बघा, पण प्रत्येकापाशी थांबून बघा. किल्ला तिथून जवळच आहे, चांदबीबी आणि १९४२ च्या चळवळीत तिथे ठेवलेले नेहरूंसारखे कैदी सांगता येतील, पण वेळ कमी असेल तर किल्ला पुढच्या सहलीला ठेवा. आबा यायला तयार आहेत. नगर-राहुरी भागातल्या कुठल्या शाळेला हवं असेल तर मला कळवा, फक्त त्यांना दुपारच्या उन्हात उभं करू नका आणि चहा बिनसाखरेचा लागेल.