आदर्श पालक व्हायचंय? थर्माकोल आणून ठेवा

शाळा आणि घर ही मुलाच्या शिक्षणाच्या गाडीची दोन चाकं, असं आमच्या पालकसभेत दरवर्षी सांगतात. गाडी ओढतं कोण आणि आत बसतं कोण, ते सांगत नाहीत. मला ते गेल्या रविवारी रात्री सव्वाबारा वाजता उमगलं. उजव्या अंगठ्याला ग्लू गनचा चटका बसला होता, मुलगी कधीचीच झोपली होती आणि मी मिऱ्याचे दाणे एकेक करून केशरी रंगवत बसले होते. कशासाठी, ते येईलच पुढे. अनुभव ताजा आहे तोवर, ज्यांची मुलं यंदा पहिली-दुसरीत आहेत त्यांच्यासाठी चार हिताच्या गोष्टी सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नजर हलवू नका. आंघोळीलाही फोन घेऊन जा. बाई वर्गात मुलांना काही सांगत नाहीत, कारण मुलांना सांगून उपयोग काय? काम कोण करणार हे त्यांनाही ठाऊक असतं. आमच्या ग्रुपवर रविवारी संध्याकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी निरोप पडला. ‘सर्व पालकांना नमस्कार. उद्या चवथीनिमित्त माटोळी उपक्रम. प्रत्येक मुलाने टाकाऊ वस्तूंपासून माटोळीची प्रतिकृती स्वतः तयार करून आणावी. किमान दहा फळे. उत्कृष्ट प्रतिकृतींना प्रमाणपत्र.’ (चवथ म्हणजे आमची गणेश चतुर्थी. माटोळी काय, ते पुढे सांगते.) त्यातला ‘स्वतः’ ठळक अक्षरांत होता. माझी मुलगी दुसरीत आहे. ‘स्वतः’मधला विसर्ग तिला अजून धड वाचता येत नाही.

पाच मिनिटांत खाली सत्तावीस वेळा ‘ओके टीचर’, ‘थँक्यू टीचर’. (तोंडावर बाई, ग्रुपवर टीचर.) एकीने विचारलं, युनिफॉर्म की कलर ड्रेस? ‘उद्या म्हणजे उद्याच का?’ असं मात्र एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी मुकाट्याने अंगठा टाकला. तोच, जो पुढे भाजला.

आता कुणी शहाणा म्हणेल, दुसरीपर्यंत गृहपाठ द्यायचा नाही असं २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात लिहिलंय. लिहिलंय ना! म्हणून तर याला गृहपाठ म्हणत नाहीत, उपक्रम म्हणतात. त्याच धोरणात पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो असावं असंही आहे. माटोळीच्या वजनाबद्दल ते काही बोलत नाही.

दुसरी गोष्ट, टाकाऊ वस्तू विकत घेण्यासाठी दर महिन्याला वेगळे पैसे काढून ठेवा. माझे या खेपेला तीनशे चाळीस गेले. स्टेशनरीवाला शटर अर्ध्यावर ओढून उभाच होता. मला बघून म्हणाला, ‘दुसरी न्ही? थर्माकोल सोंपलो. काड्यो आसात.’ शाळेत कुठला उपक्रम चाललाय हे हल्ली पालकांच्या आधी त्याला कळतं. पालक-शिक्षक संघावर त्यालाच घ्यायला हवं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला परसातली, रानातली फळं बांधतो, ती माटोळी. नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचा कात्रा म्हणजे घोस, आंबाडे, तोरिंग, लालभडक कवंडळ, कांगलां, घागऱ्यो. कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही भरवतं, त्यात हौशी लोक शेकडो प्रकारची फळं-फुलं बांधतात. चवथीच्या आधी डिचोलीच्या बाजारात सत्तरीच्या रानातून आणलेला हा सगळा माल घेऊन बायका ओळीने बसतात. म्हणजे दुसरीच्या पोराला माटोळी शिकवायची तर त्याला हाताला धरून बाजारात एक फेरी मारली की झालं. पण बाजारात प्रमाणपत्र मिळत नाही.

तर आमची माटोळी. चौकट नवऱ्याने केली, म्हणजे आइस्क्रीमच्या बारा काड्या चिकटवल्या आणि ‘सुतार जालो आसतों तर बरें जावपाचें’ म्हणून झोपायला गेला. तोरिंग मी कणकेत हळद घालून मळलं. कवंडळ क्लेचं. आंबाड्यांना सुके वाटाणे. सुपारीच्या कात्र्यासाठी मिरे, ते हे केशरी. मुलीला नऊ वाजता म्हटलं, एक तरी फळ तू कर, नाव तुझं आहे. तिने मन लावून हिरव्या क्लेचा गोळा वळला आणि वर बोटाने चांगला खोल खळगा पाडला.

‘हें कितें गो?’

‘नाल्ल.’

‘आणि हा खळगा?’

‘उंदरान खाल्लो.’

आमच्या मागच्या माडाखाली असे पोखरलेले नारळ रोज पडतात. ती बघते. तर ती झोपल्यावर मी तो खळगा बुजवला. परीक्षकांना वाटेल, धड गोळासुद्धा करता येत नाही. बुजवून वरून ब्रशने शेंडी काढली, एकदम नारळवाल्या जाहिरातीसारखी.

सोमवारी सकाळी पाऊस. स्कूटरवर पुढे मुलगी, मधे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली माटोळी, मागे मी रेनकोटात. शाळेच्या आधीच्या वळणावर कात्रा निसटला. मी स्कूटर उभी केली आणि भर पावसात रस्त्यावर वाकून मिरे शोधू लागले. मागून एक कदंब बस हॉर्न वाजवत आली. पस्तिशी उलटलेली, पतसंस्थेत कर्जाच्या फायली सांभाळणारी बाई. ड्रायव्हरला काय वाटलं असेल कोण जाणे.

वर्गात एकतीस माटोळ्या. पहिलं बक्षीस जिला मिळालं तिला आत लुकलुकणारे दिवे होते आणि लेझरने कापलेली चौकट. पाहुण्यांनी कौतुकाने त्या मुलाला विचारलं, ‘हें फळ खंयचें रे?’ मुलाने बापाकडे पाहिलं. बाप मागून खणखणीत आवाजात ओरडला, ‘मावळिंग!’ टाळ्या.

शेवटच्या बाकावर एक माटोळी होती. वाकवलेली काठी, सुंभ, त्याला एक खरं कवंडळ, चार खरे आंबाडे, घागऱ्यो आणि कसला तरी पाला. त्या पोराची आई औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाते. तिने निरोप वाचला नव्हता. पोराने आणि त्याच्या आजोबाने सकाळी परसात फिरून ती बांधली. तिला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही. का? तर नियम प्रतिकृतीचा होता आणि ही फळं खरी होती. नियमात बसत नाही.

हसू नका. मी तिथेच उभी होते आणि बाईंच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. ‘फळां खरीं आसात न्ही, मागीर प्रतिकृती कशी जातली?’ त्यांचंही बरोबरच होतं. मला काही सुचलं नाही. तेवढ्यात ते पोर माझ्या मुलीला एकेक फळ हातात देऊन सांगत होतं, हें कवंडळ, हें खावपाचें न्हय, ह्यो घागऱ्यो, सुकल्यार वाजतात. ती कानाशी धरून वाजवून बघत होती. आमच्या मातीच्या मोत्यांच्या घागऱ्यो काही केल्या वाजत नव्हत्या.

असो. सल्ले राहिले.

तिसरी गोष्ट, ट्यूशन पहिलीपासूनच लावा.

चौथी, मातृभाषेच्या माध्यमासाठी सभेला अवश्य जा, घोषणाही द्या. घरी कोंकणी, व्यासपीठावर मराठी आणि पोरगं इंग्रजीत. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हापासून तर सोय झाली आहे.

पाचवी गोष्ट पालकसभेची. ती गुरुवारी सकाळी अकराला असते, म्हणजे नोकरी करणाऱ्या कुणालाही जमणार नाही अशा वेळी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलात तर मात्र पदाधिकारी व्हाल हे नक्की. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या महिला, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, त्यामुळे महिला दिसली की पकडतात. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि आत आले तर सभासद होते. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. आम्ही तो केला. करून आलेला होता, आम्ही सह्या केल्या. उरलेली पन्नास मिनिटं स्नेहसंमेलनाच्या ड्रेसच्या भाड्यावर गेली. साडेतीनशे की चारशे? मत विभागलं गेलं. एक जण रागाने उठून गेला.

त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात, शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांना सांगावी, असं स्पष्ट लिहिलंय. स्नेहसंमेलनाचं त्यात काही नाही. मी आपलं शेवटी हळूच विचारलं, माझी मुलगी वाचते कशी? बाई म्हणाल्या, ‘ती एकदम हुशार! उपक्रमांत तर पहिली असते.’

उपक्रमांत मी असते हो, बाई. ती नसते.

घरी येऊन मी तिच्यापुढे बालभारतीचं पुस्तक उघडलं. गोष्ट तिने घडाघडा म्हटली. मी मधल्या ओळीवर बोट ठेवून ‘इथून वाच’ म्हटलं, तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. मी ते बोट सरकवत राहिले, ती पाठ म्हणत राहिली. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असं २०२१ पासून केंद्राची ‘निपुण भारत’ मोहीम सांगतेय. माझ्या मुलीच्या फाइलमध्ये नऊ प्रमाणपत्रं आहेत. वाचता तिला येत नाही. आणि हे मला ऑगस्टात कळतंय, शाळा जूनला सुरू झाली. तिची आई मी आहे, दुसऱ्या कुणाला काय बोलू?

बोलतेच पण. बाई, तुम्हाला वर फोटो पाठवायचे असतात हे मला माहीत आहे. एकतीस मुलं, माध्यान्ह आहाराच्या पाव-भाजीची मोजणी, रजिस्टर, निवडणूक आली की निवडणूक, जनगणना आली की जनगणना. कुठलं पोर पाठ म्हणतं आणि कुठलं वाचतं हे ऐकायला प्रत्येकी पाच मिनिटं तरी लागतात, आणि त्या पाच मिनिटांचा फोटो काढता येत नाही. एकतीस माटोळ्यांचा येतो. हे सगळं मान्य. पण मग तसं सांगा ना! रविवारी आठ वाजता माटोळीचा निरोप टाकता येतो, तर ‘तुमची मुलगी वाचत नाही, रोज दहा मिनिटं बसवा’ हा एका ओळीचा निरोप का टाकता येत नाही? मी त्यालाही ओके टीचर म्हटलं असतं. आणि खरं कवंडळ आणणाऱ्या पोराला मागच्या बाकावर ठेवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

आणि आपण, पालक! लाज वाटते म्हणायला, पण आपण जास्त वाईट. बाईंनी ‘स्वतः’ लिहिलं होतं. ठळक लिहिलं होतं. तरी आपण रात्रभर बसलो, कारण शेजारच्याची माटोळी आपल्यापेक्षा बरी होईल. लेझरने कापून आणणाऱ्या बापाला मी नावं ठेवते, आणि मी? मी पोरीने बोटाने पाडलेला खळगा बुजवला. तिने अख्ख्या माटोळीत एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघून केली होती, ती मी ब्रशने सारवून टाकली आणि वर तिचं नाव लिहिलं. सकाळी तिने नारळ बघितला, काही बोलली नाही. ‘उंदीर खंय?’ असंही विचारलं नाही. मुलं असं विचारायचं कधी सोडतात, ते आपल्याला कळत नाही.

तेव्हा बाई, दिवाळीच्या नरकासुराच्या मुखवट्याचा उपक्रम तुम्ही आत्ताच जाहीर केलाय, त्याबद्दल आभार, या खेपेला दोन महिने दिलेत. माझी मुलगी तो करील. मी करणार नाही, तिचा बापही नाही. त्याला एकच डोळा असेल तर एकच असेल. तोंड उलटं असलं तर कुणी सुलटं करणार नाही. त्याला बक्षीस देऊ नका, पण भिंतीवर लावा, मागच्या बाकावर नको. आणि गुरुवारच्या सभेत ड्रेसच्या भाड्याआधी मी बालभारतीचं पुस्तक काढणार आहे. ज्यांना घरी जायची घाई असेल त्यांनी खुशाल जावं.